गोड्या पाण्याला किनारपट्टी असते का?

वेंगुर्लेकरीण | शनिवार, रात्री ९:४०

आमच्या घरात दोन आठवडे चाललेला वाद इथे आणतेय, कारण घरात तो मिटत नाही.

आई मे महिन्यात वेंगुर्ल्याहून आली. आम्ही मिशिगन राज्याच्या पश्चिम भागात राहतो, घरापासून मिशिगन सरोवर गाडीने पाऊण तासावर. जूनमधल्या पहिल्या उबदार रविवारी तिला ग्रँड हेवनला नेलं. वाळूची टेकडी चढून वर आलो तर समोर नुसतं पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटताहेत, लांब धक्क्याच्या टोकाला लाल दीपगृह, डोक्यावर सीगल. आईने चपला हातात घेतल्या आणि सरळ पाण्यात गेली. वेंगुर्ल्यात ती रोज संध्याकाळी तेच करते. मग वाकून ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि वळून ओरडली, "गे बाय, ह्यां पाणी गोडां आसा!"

तिथेच तिचा निकाल लागला. तळां. मोठां आसा, पण तळांच.

सातवीतली माझी मुलगी मात्र हट्टाला पेटलीय. शाळेत त्यांना शिकवलंय की मिशिगन हे किनारपट्टीचं राज्य आहे. आजी विचारते, मीठ नाही, भरती नाही, बांगडा नाही, मग किनारपट्टी कसली? मुलगी म्हणते, नकाशा बघ ना.

मी स्वतः मुलीच्या बाजूची आहे. अठरा वर्षं या पाण्याजवळ काढली आणि एकदाही मला तळ्याकाठी राहतेय असं वाटलं नाही. पण आईला पटेल असं कारण मला देता येत नाही. जाणकारांनी सांगावं, दोन्ही बाजूंनी.

---

भूगोलाचे_सर | शनिवार, रात्री १०:५५

मी तुमच्या आईंच्या बाजूने आहे, आणि त्यांनी ओंजळ तोंडाला लावली हे मला फार आवडलं. बत्तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात भूगोल शिकवला, पण परीक्षेची इतकी चांगली पद्धत मला कधी सुचली नाही.

मात्र माझं मुख्य कारण मीठ नाही, भरती-ओहोटी आहे. किनारा म्हणजे जमीन आणि पाणी यांच्यामधली रेघ नव्हे. तो एक पट्टा आहे, जो दिवसातून दोनदा पाण्याचा असतो आणि दोनदा जमिनीचा. त्या पट्ट्यावर कालवं धरतात, खेकडे बिळं करतात, खाजणं होतात, खाडीच्या तोंडाशी कांदळवन उभं राहतं. आमच्याकडे मच्छीमाराचं घड्याळ भिंतीवर नसतं, तिथीवर असतं. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, हे पंचांगावरून कळतं. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत (सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी, ओंटारियो) चंद्र-सूर्याच्या ओढीने येणारी भरती जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर. ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

आपला कायदाही हेच मानतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ साली निघाली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने आली. तिन्ही वेळा मोजमाप भरतीरेषेपासूनच. खाडीत ही हद्द कुठवर न्यायची, तर जिथवर भरतीचा परिणाम आहे तिथवर, आणि तो ठरवायचा पाण्याच्या खारेपणावरून. म्हणजे भरती आणि मीठ, दोन्ही आलं.

आणि भाषा बघा. नदीचा काठ, तळ्याचा काठ, विहिरीचाही काठ. नदीचा किनारासुद्धा म्हणतो. पण 'किनारपट्टी' आपण समुद्राशिवाय कुणालाही दिलेली नाही. गोदावरीची किनारपट्टी असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

---

चंद्रभागेकाठी | शनिवार, रात्री ११:२०

सर, भाषेच्या मुद्द्यावर थोडं थांबवतो. आम्ही सोलापूरकडचे, समुद्र शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला. पण उजनीच्या पाण्याला आम्ही यशवंतसागर म्हणतो. जायकवाडीचा नाथसागर, कोयनेचा शिवसागर. कोल्हापूरकरांची तर रंकाळ्यावर चौपाटी आहे. मराठी माणसाने गोड्या पाण्याला सागर म्हणायला कधी मागेपुढे पाहिलेलं नाही.

उजनीत मासेमारी चालते, होड्या आहेत, थंडीत रोहित पक्षी येतात. वारा सुटला की उजनीवर लाटा येतात आणि त्या जीव घेतात, हे भीमाकाठच्या गावांना विचारा.

---

भूगोलाचे_सर | शनिवार, रात्री ११:३४

सागर हे नाव आपण आदराने देतो, जसं गावच्या ओढ्याला गंगा म्हणतो. त्यात प्रेम आहे, वर्गीकरण नाही. पण लाटांचा आणि जिवाचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात. त्यावर मला उत्तर शोधावं लागेल.

---

शिकागोची_अनघा | रविवार, पहाटे ५:१०

वेंगुर्लेकरीण ताई, तुमच्या लेकीला सांगा की तिच्या शाळेने कागदावरचं खरं तेच शिकवलंय.

अमेरिकेच्या संसदेने १९७२ मध्ये किनारी क्षेत्र व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात 'किनारी पाणी' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि तिच्यात पंचमहासरोवरं, त्यांना जोडणारे प्रवाह, बंदरं, उपसागर आणि दलदली नाव घेऊन घातलेल्या आहेत. म्हणून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना, मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क ही आठही राज्यं या कायद्याखाली किनारी आहेत. यांतल्या न्यूयॉर्कला अटलांटिकही आहे आणि पेनसिल्व्हेनियाला डेलावेअर नदीतून भरतीचं पाणी मिळतं. उरलेल्या सहांना समुद्राचा थेंब नाही. आमचं इलिनॉय त्या योजनेत फार उशिरा, २०१२ मध्ये आलं.

सरकारी मोजणीत मिशिगनची किनाररेषा ३,२२४ मैल आहे. कॅलिफोर्नियाची ३,४२७. पॅसिफिकवर पसरलेलं अख्खं राज्य आणि तुमचं मिशिगन यांत जेमतेम दोनशे मैलांचं अंतर! आमच्या वाट्याला ६३ मैल आलेत आणि त्यातही शिकागोकर स्वतःला किनाऱ्यावरचे समजतात.

तटरक्षक दल आहे, त्यांचं पंचमहासरोवरांसाठीचं मुख्यालय क्लीव्हलँडला. ग्रँड हेवनला तर 'तटरक्षक दलाचं शहर' अशी अधिकृत पदवी आहे. आईंना तिथेच नेलंत हे किती छान झालं. नौदलात भरती झालेल्या प्रत्येक खलाशाचं पहिलं प्रशिक्षण शिकागोच्या उत्तरेला, याच सरोवराच्या काठावर होतं. १९११ पासून ते केंद्र आहे.

एक गोष्ट मात्र सरांच्या बाजूची आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. राष्ट्रीय उद्यान खात्याने समुद्रावरच्या जागांना 'सीशोर' म्हटलं आणि इथल्या जागांना 'लेकशोर'. १९६६ मध्ये सुपीरियरवरचं पिक्चर्ड रॉक्स हे पहिलं लेकशोर. म्हणजे एकाच सरकारच्या एका खात्याने फरक ठेवला आणि दुसऱ्याने पुसला.

---

मिसिसागावासी | रविवार, सकाळी ६:०२

कॅनडाचं उलट आहे. इथे देशाचं वर्णन करताना 'किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, किनाऱ्यापर्यंत' असं किनारा तीनदा घेऊन म्हणतात. ते तीन म्हणजे अटलांटिक, पॅसिफिक आणि आर्क्टिक. माझ्या घरामागचा ओंटारियो सरोवर त्यात नाही. ओंटारियो प्रांताला खरा समुद्रकिनारा आहे, पण तो पार उत्तरेला, हडसन आणि जेम्स उपसागरांवर, जिथे फार थोडी वस्ती आहे. लाखो लोक राहतात ते या गोड्या पाण्याजवळ.

---

चौथा_इंजिनियर | रविवार, सकाळी ८:१५

मी मर्चंट नेव्हीत होतो. दोन वेळा या पाण्यात गेलोय, म्हणून लिहितो.

समुद्रावरून आत येणाऱ्या जहाजाला तिथले लोक 'सॉल्टी' म्हणतात आणि सरोवरांतच आयुष्य काढणाऱ्याला 'लेकर'. आम्ही सॉल्टी. युरोपातून पोलाद घेऊन आत जायचं आणि धान्य भरून बाहेर यायचं. हा मार्ग १९५९ मध्ये खुला झाला. माँट्रियलच्या पुढे सात जलपाशं (दारं लावून, पाणी भरून जहाज वर उचलणारे टप्पे) चढायची, मग नायगाऱ्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यात आणखी आठ. एकट्या वेलंडमध्ये जहाज साधारण १०० मीटर वर चढतं. मी इंजिनरूममधून वर येऊन पाहिलं तेव्हा जहाजाच्या दोन्ही अंगांना हातभर अंतरावर काँक्रीटची भिंत होती आणि पलीकडे शेतात गाई चरत होत्या. सुपीरियरच्या टोकाला दुलुथपर्यंत गेलो, अटलांटिकपासून सुमारे ३,७०० किलोमीटर आत.

आता प्रश्नाचं. जहाजाला विचाराल तर तो समुद्र नाही. गोडं पाणी हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला जहाज जास्त खाली बसतं. जहाजाच्या अंगावर भाररेषा असतात त्यात गोड्या पाण्याची रेषा वेगळीच काढलेली असते. तळाला धरलेले बार्नकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री जीव, गोड्या पाण्यात मरतात. समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करणारं आमचं यंत्र तिथे बंद, कारण खारं पाणीच नाही.

कॅप्टनला विचाराल तर तो म्हणेल, समुद्रापेक्षा वाईट. समुद्रात वादळ आलं की पळायला जागा असते. इथे चारी बाजूंना जमीन, आणि लाटा आखूड, उभ्या, एकीमागून एक. एक गेली म्हणून श्वास घ्यावा तोवर दुसरी आलेली असते. १९१३ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात या सरोवरांत अडीचशेच्या वर माणसं गेली, बारा जहाजं बुडाली. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेरल्ड सुपीरियरमध्ये बुडालं. ७२९ फूट लांब जहाज, २९ माणसं, एकही वाचला नाही. आसरा घ्यायचा उपसागर तिथून जेमतेम १७ मैलांवर होता. आमच्या जहाजावरच्या वाटाड्याने ती जागा जवळ आल्यावर टोपी काढली होती.

आणखी एक. आत शिरण्याआधी खोल समुद्रात बॅलास्टच्या, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून पाणी भरतात त्या टाक्या खाऱ्या पाण्याने धुवाव्या लागतात. कारण १९८८ मध्ये झीब्रा शिंपले याच पाण्यात सापडले. काळ्या समुद्राकडचे हे जीव जहाजांच्या बॅलास्टमधून आले आणि पाणीपुरवठ्याचे नळ बुजवेपर्यंत पसरले. मीठ त्या जिवांना मारतं. म्हणजे सर, तुमची मिठाची सीमा तिथे खरोखर पहाऱ्याला उभी आहे.

---

भूगोलाचे_सर | रविवार, सकाळी ९:०५

इंजिनियर साहेब, शाळेत असतो तर तुमचा हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला असता.

---

कोर्टाची_पायरी | रविवार, सकाळी ११:४८

सरांनी कायदा काढला म्हणून लिहिते. हाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

१८४७ मध्ये ओंटारियो सरोवरात 'जेनेसी चीफ' ही वाफेवरची बोट 'क्यूबा' नावाच्या शिडाच्या जहाजावर आदळली आणि ते जहाज बुडालं. खटला सागरी न्यायाधिकारात चालवायचा की नाही? त्याच न्यायालयाने १८२५ मध्ये ठरवून ठेवलं होतं की सागरी न्यायाधिकार भरतीचं पाणी पोचतं तिथवरच. सर, म्हणजे शब्दशः तुमची कसोटी.

१८५१ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती टॉनी यांनी ती कसोटी मोडली. त्यांचं म्हणणं असं की भरतीचा नियम इंग्लंडमधून आला. इंग्लंड हे बेट. तिथे जहाज जाईल अशा जवळपास प्रत्येक नदीत भरतीही जाते, त्यामुळे 'भरती आहे का' आणि 'जहाज चालतं का' हे दोन प्रश्न तिथे एकच होते. अमेरिकेत ते एक नाहीत. ही सरोवरं म्हणजे देशाच्या आतले समुद्र आहेत, त्यांवर वेगवेगळ्या राज्यांचा आणि परदेशाचा व्यापार चालतो, लढायाही झाल्या आहेत. मग एका बेटाच्या सोयीचा नियम इथे का लावायचा?

पुढे १८९३ मध्ये याच न्यायालयाने फौजदारी कायद्यातले 'खुला समुद्र' हे शब्द पंचमहासरोवरांच्या उघड्या पाण्यालाही लागू केले.

हा निकाल मी कॉलेजात वाचला तेव्हा मला त्यातली एक गोष्ट फार लागली होती. आपण ज्याला व्याख्या म्हणतो ती पुष्कळदा आपल्या गावाचं वर्णन असते. सर, तुमची व्याख्या कोकणाचं अतिशय सुंदर वर्णन आहे. खाडी, खाजण, कांदळवन, उधाण. पण ती भूमध्य समुद्राला लावून बघा. तिथे बऱ्याच ठिकाणी भरती काही वीत इतकीच येते. इटलीला किनारपट्टी नाही असं आपण म्हणणार नाही ना?

---

भूगोलाचे_सर | रविवार, दुपारी १२:३०

भूमध्य समुद्राने मला अडवलंत हे मान्य करतो. भरती ही एकटी कसोटी म्हणून टिकत नाही. हे वाक्य लिहिताना मला जड जातंय, कारण किती मुलांच्या वहीत मी ते लिहवून घेतलं असेल.

पण मग सीमा कुठे? उद्या उजनी, परवा पवई. महासागराशी जोडलेलं पाणी असावं ही अट तरी मी सोडणार नाही. सगळ्या समुद्रांची पातळी एक आहे. सुपीरियर समुद्रसपाटीपासून १८३ मीटर उंचावर बसलाय. समुद्राची पातळी ज्या पाण्याला ठाऊकच नाही त्याचा किनारा समुद्रकिनाऱ्याच्या रांगेत कसा बसवायचा?

---

पाणथळ | रविवार, दुपारी ४:१७

वनस्पतींनी या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलंय असं मला वाटतं. मी मिल्वॉकीला असताना दर रविवारी पुळणीवर झाडं टिपत फिरायचो. 'सी रॉकेट' नावाचं मांसल पानांचं एक रोप आहे, अटलांटिकच्या पुळणीवर वाढणारं. तेच मिशिगन सरोवराच्या पुळणीवरही वाढतं. टेकड्या धरून ठेवणारं बीचग्रास तेच. पायपिंग प्लोव्हर हा इवलासा पक्षी अटलांटिकच्या वाळूत अंडी घालतो आणि मिशिगनच्या वाळूतही. या जिवांना मीठ नको होतं. त्यांना सरकती वाळू, वारा आणि लाटेने पुसून काढलेली उघडी जागा हवी होती. ती जिथे मिळाली तिथे ती राहिली.

पवईला हे होणार नाही, सर. तुमची सीमा इथे असावी. पाणी एवढं मोठं हवं की ते स्वतःची वाळू रचेल आणि स्वतःचा वारा निर्माण करेल. मिशिगन सरोवरावरच्या स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या पाण्यापासून सव्वाशे मीटरपेक्षा उंच जातात.

वाऱ्याचं तर पाठ्यपुस्तकातलंच आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. शिकागोत उन्हाळ्यात तंतोतंत तेच होतं. दुपारी सरोवराकडून वारा सुटतो आणि काठावरचं तापमान शहराच्या आतल्या भागापेक्षा कितीतरी उतरतं. खारे वारेच ते, फक्त त्यात मीठ नाही. मिशिगन राज्याच्या पश्चिम काठावर चेरी, सफरचंद, द्राक्षं होतात तीही या पाण्यामुळेच. पाणी उशिरा तापतं, त्यामुळे कळ्या उशिरा उमलतात आणि शेवटच्या गोठलेल्या दवाच्या माऱ्यातून वाचतात. आपल्या हापूसला जशी समुद्राची हवा, तशी तिथल्या चेरीला सरोवराची.

---

ईरीकाठ | रविवार, संध्याकाळी ७:४०

भरती नाही म्हणता, पण पाणी चढतं. आम्ही ओहायोत ईरीजवळ राहतो. हे सगळ्यांत उथळ सरोवर, सरासरी खोली १९ मीटर. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा लागला की सगळं पाणी पूर्वेला बफेलोकडे ढकललं जातं. तिथे पाणी दोन मीटर चढतं आणि इकडे टोलेडोला तळ उघडा पडतो. वारा पडला की पाणी परत फिरतं, थाळीत पाणी हिंदकळावं तसं. याला सेश म्हणतात. १८४४ मध्ये बफेलोत असं पाणी बांध फोडून शहरात शिरलं आणि ७८ माणसं गेली. शिकागोत २६ जून १९५४ ला सकाळी, शांत हवेत, अशीच लाट आली आणि धक्क्यावर मासे धरत बसलेली माणसं ओढली गेली. आठ मृत्यू.

पातळी वर्षावर्षानेही बदलते. मिशिगन-ह्यूरनची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नीचांकाला होती. २०२० मध्ये ती सुमारे दोन मीटर वर होती. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं घर मिशिगनच्या कड्यावर होतं. अंगणातली झाडं आधी गेली, मग पायऱ्या, मग त्यांनीच घर सोडलं. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "रात्री लाटेचा आवाज यायचा आणि भांड्यांचं कपाट हलायचं." कोकणातल्या किती गावांनी हेच सोसलंय.

---

मस्केगनचा_दादा | रविवार, रात्री ११:०३

मला व्याख्येत फारसा रस नव्हता, म्हणून आत्तापर्यंत नुसतं वाचत होतो. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून माझा भाचा आला होता. एकोणीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा, शाळेत असताना जिल्हा पातळीवर पदकं घेतलेली. ऑगस्टमधला दिवस, स्वच्छ ऊन, पण उत्तरेकडून वारा. पुळणीवर लाल झेंडा लावलेला. मी गाडी लावत होतो. पोरं पुढे गेली. माझ्या मुलाने त्याला सांगितलं की लाल झेंड्याला पाण्यात जायचं नसतं. तो म्हणाला, "अरे, समुद्र थोडाच आहे? तलावच आहे ना?"

तो धक्क्याजवळ पाण्यात उतरला. धक्क्याला लागून बाहेर जाणारा प्रवाह असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा तो सत्तर-ऐंशी फूट आत होता आणि पोहत होता, पण जागचा हलत नव्हता. दर तीन-चार सेकंदांनी डोक्यावरून लाट. तलावात पोहणाऱ्याला श्वासाची लय सापडते, तिथे ती सापडतच नाही. खाऱ्या पाण्यात अंग जरा तरी उचललं जातं, इथे तेही नाही. धक्क्यावर मासे धरणाऱ्या एका माणसाने अडकवून ठेवलेलं जीवरक्षक कडं दोरीसकट फेकलं. दुसऱ्या फेकीला त्याच्या हाताला लागलं. तो वाचला.

त्याच आठवड्यात दोन गावं पलीकडे एक मुलगा वाचला नाही. त्याच्या घरच्यांनीही आधी तलावच म्हटलं असेल.

तेव्हापासून भारतातून कुणीही आलं की मी पाण्याजवळ नेण्याआधी गाडीतच सांगतो, हा समुद्र आहे. गोडा आहे, पण समुद्र आहे. सर, शास्त्रात हे चूक असेल तर असू दे. 'तळं' या शब्दाने माझा भाचा जवळजवळ गेला होता.

---

भूगोलाचे_सर | सोमवार, सकाळी ६:२०

मस्केगनचे दादा, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि उठून बसलो. माझ्याही शाळेतले दोन विद्यार्थी असेच गेले, समुद्रात. गणपतीपुळ्याला दरवर्षी पाटी लावली तरी माणसं जातातच.

चंद्रभागेकाठी यांनी परवा जिवाचा मुद्दा काढला तेव्हा मी उत्तर शोधतो म्हणालो होतो. सापडलं ते असं. पाण्याचं वर्गीकरण मी अजूनही सरोवर असंच करीन, परीक्षेत विचारलं तरी तेच लिहीन. पण किनारपट्टी हा शब्द पाण्याचा नाहीच, तो जमिनीचा आहे. पाणी जमिनीवर आणि तिथल्या माणसांवर जे करतं त्याचा आहे. घर कड्यावरून खाली नेतं, चेरीची कळी वाचवतं, जहाज बुडवतं. तेवढं ज्या पाण्याने केलं त्याच्या काठाला किनारपट्टी म्हणायला माझी आता हरकत नाही. पवईला अजून आहे.

वेंगुर्लेकरीण, तुमच्या लेकीला माझ्याकडून सांगा की ती बरोबर आहे. आणि आजीला सांगा की पाण्याबद्दल त्याही बरोबर आहेत.

---

वेंगुर्लेकरीण | सोमवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. जेवणानंतर आईला सगळा धागा वाचून दाखवला. मालवणीत समजावताना पाऊण तास लागला. खटल्याचं ऐकून तिला मजा वाटली, सी रॉकेटचं रोप तिला बघायचंय, पुढच्या रविवारी शोधणार आहोत. दादांचा प्रतिसाद वाचताना ती काहीच बोलली नाही. माझे आजोबा मचव्यावर होते आणि एका आषाढात परत आले नाहीत, तेव्हा आई नऊ वर्षांची होती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "हंयसर नारळी पुनवेक कोण नारळ देता?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"माणसां नेता आणि नारळ देणत नाय?"

तर आता तिला पुनवेला ग्रँड हेवनला जायचंय, नारळ घेऊन. तिच्या दृष्टीने वाद संपला. मला एवढंच विचारायचंय की इथे पाण्यात नारळ सोडता येतो का? कुणी सोडलाय का? नियमात बसेल असं काही सुचवा.

---

शिकागोची_अनघा | सोमवार, रात्री ९:३०

ताई, अख्खा नारळ सोडू नका. पुळणीवर कचरा टाकायला बंदी असते, आणि नारळ लाटेबरोबर परत येऊन कुणाच्या तरी पायाशी पडतो. आम्ही इथे नारळ पाण्याच्या कडेला फोडतो, आतलं पाणी ओंजळीने सरोवरात सोडतो आणि खोबरं प्रसाद म्हणून घरी आणतो. करवंट्याही पिशवीत घालून परत.

---

मस्केगनचा_दादा | सोमवार, रात्री ९:४४

आणि जायच्या दिवशी सकाळी झेंडा कोणत्या रंगाचा आहे ते आधी बघा. लाल असेल तर नारळ वाळूतच फोडा, पाण्यात उतरू नका. आईंचा हात धरून ठेवा. मी त्या दिवशी मोकळा आहे, म्हणत असाल तर येतो.